हाताने व्होल्टेज लावणारे मन्मथ सर

आमच्या क्लासच्या कॉम्प्युटर खोलीत आल्यावर मन्मथ सर आधी कॅबिनेटवर तळहात टेकायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. म्हणायचे, "मॅडम, पुण्याच्या पोरांनी नेटवर टाकलेले व्होल्टेजचे आकडे आपल्या लातूरच्या मे महिन्यात चालत न्हाईत."

ते फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री. धड्यांची ॲनिमेशनं बनवायचा कॉम्प्युटर जुना, आणि नवा घ्यायचं मालक मनावर घेत नव्हते. म्हणून सरांनी प्रोसेसरचा वेग ठरल्या मर्यादेपलीकडे नेला होता. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवावं लागतं. ते मशीनवर सोपवता येतं, पण सर हातानेच ठरवायचे. "ऑटोवर सोडलं की लागतंय त्याच्यापेक्षा जास्तीच घेतंय अन् तापून राहतंय." किंचित वाढवायचं, मशीनला कामाला जुंपायचं आणि चहा गार होईपर्यंत तापमानाचा आकडा बघत बसायचं. फारच तापलं तर न चिडता मागे यायचं. "सर, इतकी काळजी आमच्या घरी माझीसुद्धा कोणी घेत नाही," असं मी चिडवायचे. ते नुसते हसायचे.

गौरी त्यांची एकुलती एक. भूकंपात किल्लारीकडच्या गावी त्यांचं घर बसलं. बायको गेली, तान्ही गौरी तेवढी ढिगाऱ्यातून हाती लागली. तंबूतल्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, आणि पोरीला डॉक्टरच करायचं हे सरांनी तिथेच ठरवून टाकलं.

बारावीनंतर मेडिकलला तिचा नंबर लागला नाही. रिपीटरच्या बॅचला बसली, पुन्हा हुकला. सरांनी परत नाव घातलं, वर पहाटेचा आणखी एक क्लास लावला. पोरगी वाळली, तिचे केस गळायला लागले. मी म्हटलं, "सर, तिला जरा दम घेऊ द्या."

"इतकं जवळ आलंय मॅडम, आता थोडक्यासाठी मागं कशाला फिरायचं?"

मशीन तापलं की लगेच मागे येणारा माणूस हे बोलत होता. मला भयंकर राग आला.

मग एका चाचणीत गौरी कोरा पेपर पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. हाका मारल्या तरी तिला ऐकू जात नव्हतं. सर धावत आले, तेव्हा "बाबा, घरी," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते तिला चाकूरला आपल्या बहिणीकडे पोचवून आले.

ती तिथेच शिकली, शिक्षिका झाली, लग्न होऊन तिथेच राहिली. सर तिच्याकडे जायचे, फळांची पिशवी द्यायचे, पाणी प्यायचे आणि परतायचे. एकदा मला म्हणाले, "तिच्यासमोर जीभच उचलत न्हाई. चुकलो मी, लई चुकलो."

"मग हे तिला सांगा की!"

"सांगतो," म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात झटका येऊन सर गेले. माती देऊन सगळे परतल्यावर गौरी माझ्याजवळ येऊन बसली. "काकू, डॉक्टर झाले न्हाई म्हणून बाबा शेवटपर्यंत माझ्यावर नाराज होते ना?"

सर मला जे म्हणाले होते, ते मी तिला त्यांच्याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "ते फळं घेऊन यायचे ना काकू, तेव्हा मी आत चुलीपाशी उभी राहून, कधी जातेत, याची वाट बघायचे."