रुमालाखालचा वकील

दुपारची जेवणं आटोपली की जन्नतबीचा डोळा लागायचा, आणि डोळा लागला की घर पोरींनी भरून जायचं. कुणी पडवीत ओले केस पुसतीय, कुणी जिन्यात बसून मोठ्यानं इंग्रजी वाचतीय, कुणी "नानी, तेलाची बाटली कुठंय?" म्हणून हाका मारतीय. ती उठून द्यायला जायची, तर पाय उचलायचेच नाहीत. जाग आली की शिवनेरीवरचं ऊन पिवळं पडलेलं असायचं आणि घरात चिटपाखरू नसायचं. हे स्वप्न तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं कधी? वकीलसाहेब घरात सापडतील तेव्हा ना!

आता या साहेबांचं सांगायलाच हवं. दस्तगीर बेपारी हे नाव जुन्नरच्या कोर्टात घ्या, नाही तर घोडेगावच्या, चहावाला आधी बसायला खुर्ची पुसून देईल. मूळचा माणूस बेल्ह्याचा. बाप गुरांच्या बाजारातला दलाल. त्या बाजारात भाव तोंडानं होत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. नसेल पाहिलं तर काय पाहिलं राव! दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून बोलायचं. भोवती जत्रा उभी राहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. हात आत राहिला म्हणजे सौदा पटला. पोरगं हे बघत बघत मोठं झालं, पुण्याला जाऊन वकिली शिकलं आणि काळा कोट घालून परत आलं.

त्यांचं नाव झालं ते राजुरीच्या गेणभाऊच्या प्रकरणात. दोघा सख्ख्या भावांत विहिरीच्या पाण्यावरून कोर्टकचेरी चाललेली. दोघंही आतून पार थकलेले, पण चारचौघांत माघार कोण घेणार? साहेबांनी काय करावं? दोघांना बेल्ह्याच्या बाजारात नेलं, बैलांच्या गर्दीत समोरासमोर उभं केलं, हातात हात दिले आणि खांद्यावरचा रुमाल वर टाकला. "आठवड्यातलं किती वार पाणी सोडताय, ते बोटांनी सांगा. तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ हाय." बोटं बराच वेळ चालली. मग थोरल्या गेणभाऊच्या डोळ्यांतनं एकदम पाणी आलं. थोरल्यानं मागितल्यापेक्षा धाकट्यानं जास्तच दिलं होतं. त्या दिवसापासून साहेबांना सगळे रुमालाखालचा वकील म्हणायला लागले.

मग काय विचारता! बांधाची भांडणं, सासू-सुनांची, भाऊबंदकीची, सगळी त्या रुमालाखाली जायला लागली. जी जात नव्हती ती साहेब कोर्टात लढायचे. आळेफाट्याला ट्रकखाली कुणी गेलं की त्याच्या बायकोची केस हमखास यांच्याकडं, आणि फीचं नाव काढलं तर साहेब खवळायचे. डोंगराकडच्या पाड्यांवरच्या पोरी दहावीनंतर घरी बसतात, हे एकदा त्यांच्या कानावर आलं. तेव्हापासून त्या पोरींच्या शाळा-कॉलेजचंही त्यांनी अंगावर घेतलं. माणूस सोन्यासारखा, यात शंकाच नाही.

पण सोन्यासारख्या माणसाची बायको असणं काय असतं, ते जन्नतबीला विचारा. विचारलंच नव्हतं ना कुणी! राजुरीच्या शाळेत ती सातवीत पहिली आली, त्याच उन्हाळ्यात तिची शाळा सुटली. लग्न झालं, बेल्ह्याच्या घरात रुळली, तोवर साहेबांनी जुन्नरला घर घेतलं. ती गप्प राहिली. एकुलत्या मुलाला, तन्वीरला, लहानपणीच शिकायला पुण्याला ठेवला. ती गप्प राहिली, न्हाणीत तोंड धुताना रडून घेतलं. आणि इथंच साहेबांचं चुकलं. चूकही अशी, जी गुरांच्या बाजारात वाढलेला माणूसच करील. हात बाहेर आला नाही म्हणजे सौदा पटला, असं ते धरून चालले. बाजारात तरी आधी समोरच्याचा हात मागतात. हिचा हात कुणी मागितलाच नव्हता.

गेल्या हिवाळ्यात घोडेगावला साहेबांचा सत्कार झाला. मांडवात धुकं उतरलेलं, माईकवरचा आवाज लांबून कुठून तरी आल्यासारखा येत होता. जन्नतबी बायकांच्या पहिल्या रांगेत, मांडीवर शाल आणि नारळ. भाषणाच्या भरात साहेब बोलून गेले, "जुन्नरचं माझं राहतं घर मी डोंगराकडच्या मुलींच्या वसतिगृहाला देतो!" टाळ्यांचा नुसता पाऊस. जन्नतबीनंही टाळ्या वाजवल्या. नारळ मांडीवरून घरंगळला, तो तिला दिसलाच नाही. राहतं घर म्हणजे ती राहते तेच घर, हे तिला घरी येताना गाडीत उमगलं.

पुढचं सगळं साहेबांनी ठरवलं. तन्वीरच्या पुण्यातल्या, कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये दोघांनी जायचं, सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ. डबे बांधले जायला लागले. शेजारच्या कापडदुकानातली पानबाई निरोपाची पापडी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय गं जन्नत, तुला विचारलं तरी का?"

"विचारायचं काय त्यात? चांगलं काम हाय."

"चांगलं हाय म्हणून विचारायचं न्हाई व्हय?" पानबाई म्हणाली आणि पापडी ठेवून गेली.

त्या दुपारी पुन्हा तेच स्वप्न पडलं. पोरी पडवीत, जिन्यात, चुलीपाशी. "नानी, नानी!" यावेळी मात्र जन्नतबीचे पाय उचलले. ती घरभर फिरली, एकीच्या केसांना तेल लावलं, एकीच्या वहीत डोकावली, तिथं तिचीच सातवीतली कविता होती, आणि ती तिला पाठ येत होती. जागी झाली तेव्हा छातीत कसं हलकं हलकं वाटत होतं. बाहेरच्या खोलीत माणसं बोलत होती.

वसतिगृहाच्या कमिटीची मंडळी ताबा कधी घ्यायचा ते ठरवायला आली होती, म्हातारा गेणभाऊही होता. साहेब हसत म्हणाले, "उद्या या की! आमच्या जन्नतची काय हरकत न्हाई."

"हाये," जन्नतबी दारातून म्हणाली.

साहेबांचा चेहरा असा उतरला, की तिला क्षणभर वाईटच वाटलं. एवढ्या माणसांत दिलेला शब्द मोडायची वेळ आली, असं वाटलं त्यांना. सवयीनं त्यांचा हात खांद्याकडं गेला. रुमाल काढून त्यांनी स्वतःच्या हातावर टाकला आणि हात तिच्यापुढं केला. "बोल," ते हळूच म्हणाले. "कुणाला कळायचं न्हाई."

जन्नतबीनं त्या रुमालाकडं पाहिलं. किती घरं वाचली असतील याच्याखाली! तिनं तो उचलला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"माझं बोटांत मावत न्हाई. अन् कळू द्या की सगळ्यास्नी! घर द्या, उद्या कशाला, आजच द्या. पण मी कोंढव्याला येणार न्हाई. पोरी हितं येणार अन् मी तिथं सातव्या मजल्यावर भिताडाकडं बघत बसू? मागची खोली माझी. मी त्यांच्यात ऱ्हाणार. मला त्यांच्यासंगं शिकायचं बी हाय."

"आगं बया!" गेणभाऊच्या तोंडून निघालं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "एवढंच व्हय? लई झ्याक! मग आपण दोघं मागच्या खोलीत..."

"पुन्हा ठरवलंत तुमी."

उभं आयुष्य उलटतपासणीत घालवलेल्या साहेबांनी टेबलावरचा रुमाल उचलला आणि घडी न मोडता परत ठेवला. गेणभाऊ मान वळवून उगाच खिडकीबाहेर बघायला लागला. जन्नतबी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिथून ती हलली नाही.

"जन्नत," साहेब शेवटी म्हणाले. कोर्टातला तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "मला ऱ्हाऊ देशील का गं त्या खोलीत?"

तिला हसू आलं, डोळेही भरले.

"विचारलंत ना?" ती म्हणाली. "मग ऱ्हावा."