मागे घेतलेला शोधनिबंध

सुलेखा हिवराळे आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, त्यामुळे ती पीएच.डी.साठी कादंबऱ्यांतल्या वाक्यांची लांबी मोजतेय, हे मला लवकर कळलं.

"वाक्यं मोजून काय मिळणार गं?" मी विचारलं.

"मॅडम, लेखक शहरातल्या पात्राला लांब बोलू देतो आणि गावातल्याला तोकडं, असं होतं का ते कळेल."

तिचे वडील वाळूजला कंपनीत मशीनवर, आई कडूबाई फर्दापूरकडची, घर चिकलठाण्याला. घराण्यात इतकं शिकलेली ही पहिलीच.

तिनं ढीगभर कादंबऱ्या संगणकात घातल्या. प्रोग्राम वाक्यं तोडायचा, शब्द मोजायचा. उत्तर अगदी स्वच्छ आलं: गावाकडच्या पात्रांची वाक्यं शहरातल्यांच्या निम्म्या लांबीची. तिचे मार्गदर्शक साळवे सर खूश झाले. इथल्याच एका परिषदेत निबंध स्वीकारला गेला, बक्षिसासाठीही निवडला गेला.

परिषदेच्या आदल्या रविवारी कडूबाई भाकरी थापता थापता सांगत होत्या, "कस्तुराबाईची म्हैस सुटली, अन् गेली सर्जेरावाच्या मक्यात, अन् त्यो आला काठी घिऊन, तर ही म्हन्ती कशी, आधी कुंपन घाल की, अन् मंग..." भाकरी फुगून खाली उतरली तरी वाक्य संपेना. सुलेखाला हसू आलं. मग तिला शंका आली: आपल्या निबंधातली गावाकडची बाई अशी का बोलत नाही?

तिनं पुस्तकं काढून प्रोग्रामनं तोडलेली वाक्यं एकेक ताडून पाहिली. बोलणारा जिथं दम घेतो, अडखळतो, तिथं लेखकांनी टिंबं दिली होती. 'व्हय... म्या गेले व्हते... पर त्यो नाय आला.' हे एक वाक्य. टिंब आलं की वाक्य संपलं असं धरून प्रोग्रामनं त्याची तीन केली होती. आणि अशी टिंबं गावाकडच्या संवादांतच जास्त होती.

"आत्ता परिषदेत निबंध वाचून टाक, दुरुस्ती मागाहून करू," साळवे सर म्हणाले.

"चुकीचं आहे हे माहीत असताना कसं वाचू, सर?"

"तुझं वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

मी त्या सभागृहात होते. व्यासपीठावर जाऊन तिनं आपला निष्कर्ष चुकीचा का, ते पडद्यावर उदाहरणं दाखवून सांगितलं आणि निबंध मागे घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "हे आधी तपासायला नको होतं का?"

"हवं होतं," ती म्हणाली. मान खाली गेली नाही.

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. साळवे सर कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनं मात्र सगळं पुन्हा केलं; टिंबं असलेली प्रत्येक जागा स्वतः वाचून ठरवली.

नवं उत्तर वेगळंच निघालं. दोन्हीकडची सरासरी जवळपास सारखी. फरक पसाऱ्यात होता: शहरातली पात्रं सरासरीच्या आसपास बोलत, गावाकडची एकतर एका शब्दात संपवत, नाहीतर पानभर बोलत सुटत. इतकी वर्षं त्या कादंबऱ्या शिकवूनही माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिनं मागे घेतलेल्या निबंधाचा विषय काढलाच. सुलेखा बोलायच्या आत साळवे सर म्हणाले, "ती चूक माझ्याही नजरेतून सुटली होती. हिनं पकडली."

आता सरांकडे नवा विद्यार्थी आला, की ते त्याला आधी सुलेखाकडे धाडतात. ती त्याला संगणकाला हात लावू देत नाही, म्हणते, "आधी कादंबरी वाचून या. मग बोलू."