मुकादमाचा पाय

शिंप्याच्या दुकानात काजं करणाऱ्या अक्काचा हात इतका बारीक, की तिने केलेलं काज उलटं धरलं तरी सुलटच वाटे. जीभ मात्र कात्रीसारखी. धाकट्या भावाने आईचं शिलाई मशीन तिला न विचारता विकलं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत अबोला. अक्का खालच्या खोल्यांत, भाऊ वरच्या, आणि दोघांत मिळून एक कुत्रा. साऱ्या घरावर देखरेख ठेवतो म्हणून त्याचं नाव मुकादम.

निरोप त्याच्यामार्फत जात. "मुकादम, वरच्यांना सांग, नळ चालू राहिलाय."

वरून उत्तर येई, "मुकादम, खालच्यांना सांग, बंद केला."

एका सकाळी मुकादम जिना उतरला तो तीन पायांवर. मागचा उजवा पाय अधांतरी. अक्का हातातलं टाकून फरशीवर बसली. पंजा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखं पाहिली. काटा नाही, काच नाही. मग हात हळूहळू वर नेला. गुडघ्याशी बोट लागताच तो कळवळला आणि लगेच, आपलंच काही चुकल्यासारखा, तिचा हात चाटू लागला. अक्काने जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"भाऊ! अरे खाली ये लवकर!"

वर खुर्ची कोसळली. भाऊ धडधडत आला तो हातात गोळी घेऊनच. "लंगडत उतरताना पाहिलं मी त्याला. ही माझ्या गुडघ्याची आहे. अर्धी देऊ?"

"थांब. आधी डॉक्टरला विचारू."

चादरीची झोळी करून, एक टोक तिने, एक त्याने धरून दोघांनी मुकादमाला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय हलवून पाहिला. "हाड शाबूत आहे, सांधा मुरगळलाय. तीन आठवडे उड्या नाहीत, जिना नाही." भावाने गोळी दाखवली, तशा त्या दचकल्या. "दिली नाहीत ना? माणसांची औषधं कुत्र्यांच्या जिवावर बेततात."

भावाचा चेहरा उतरला. परतताना अक्का हळूच म्हणाली, "तू मायेनंच आणली होतीस रे."

त्याने झोळीचं टोक तेवढं घट्ट धरलं.

मुकादमाचं अंथरूण खाली पडलं. दुसऱ्या दिवशी भाऊ दाराबाहेर घुटमळला. "मुकादम, खालच्यांना विचार, आत येऊ का?"

"त्याला विश्रांती सांगितलीय," अक्का म्हणाली. "तूच विचार."

"अक्का, येऊ?"

"चहा टाकते."

चहा पिताना आधी मुकादमाच्या पायाचंच बोलणं झालं. मग कुत्र्यावरून शेजाऱ्यांवर, शेजाऱ्यांवरून भावाच्या गुडघ्यावर गाडी आली. "तुझा पाय कुणाला दाखवलास?" तिने दरडावलं. त्याने मान खाली घातली.

चौथ्या आठवड्यात मुकादमाने चौथा पाय टेकला. डॉक्टरीणबाईंनी जिन्याला परवानगी दिली. पण तो वर जाईना. भाऊच रोज खाली येत होता.