सामानवाले जिन्यानं

चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. खोका खाली ठेवला. आत व्यायामाची लोखंडी वजनं होती. लिफ्ट चालू होती. पण खाली वॉचमन तमिळमध्ये म्हणाला होता, "तंबी, लिफ्ट घरवाल्यांना. सामानवाले जिन्यानं."

दारात एक गृहस्थ उभे होते, मागे त्यांची बायको. ती मराठीत म्हणाली, "पाहा, कसा धापा टाकतो."

ते म्हणाले, "गाडीवर बसून पोट सुटलंय. जिना चढवलेलाच बरा. फुकट व्यायाम होतो त्यास."

"सामान आपण घेतलं, व्यायाम त्यास झाला."

दोघं हसली. मग माझ्याकडे वळून ते तमिळमध्ये, धाकट्या भावाला हाक मारावी तशा गोड आवाजात म्हणाले, "बरं तंबी, जाऊन ये."

मी म्हणालो, "थँक्यू, सार."

तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी माणसांची मराठी ही घरातली भाषा. परक्यापासून काही लपवायचं असलं की आमची माणसं मराठीत बोलतात. डिलिव्हरीवाला परकाच असणार, असं त्यांनी धरलं होतं. माझ्या कानाला मराठी म्हणजे आईचा आवाज. जेवलास का, उन्हातून आलास का. शाळेत, रस्त्यावर अपमान झाले ते तमिळमध्ये. या भाषेत तोवर एकही झाला नव्हता.

जिना उतरताना रडलो.

अप्पा, माझे वडील, जवळच्या पापनाशम गावच्या भातगिरणीत पोती वाहत. शेवटची वर्षं ते जमिनीकडे बघतच चालले. माझ्या पाठीवर पोतं येऊ नये म्हणून त्यांनी मला शिकवलं. एका मास्तरांनी माझी फी भरली, हौसेनं देवनागरी अक्षरंही शिकवली. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. कोणी काही दिलं की आभार मान, हेही त्यांनीच शिकवलं. घरात पहिली पदवी माझी. त्या दिवशीच्या फोटोत अप्पा ताठ उभं राहायचा प्रयत्न करताहेत. जमलेलं नाही.

पदवीनंतर मिळाली ती ही सामान पोचवायची गाडी. दिवसभर बसणं, वाकणं, उचलणं. कंबर धरली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडी सुटणार नाही ना? मग रोज व्यायाम कर, कंबर बळकट कर. ओझं घेऊन जिने चढलास तर वाकशील." मला अप्पा दिसले.

काही दिवसांनी त्याच चौथ्या मजल्यावरच्या घराचं सामान आलं. व्यायामाचा बाक. वॉचमननं जिन्याकडे बोट केलं. मी फाटकातूनच फोन लावला आणि मराठीत बोललो.

"काका, माझी कंबर दुखावली आहे. लिफ्टनं आणतो."

फोनवर तेच गृहस्थ होते. म्हणाले, "अरे, तू आमच्यातला? आधी सांगायचं नाही का? ये, ये लिफ्टनं. कॉफी घेऊन जा."

पाय लिफ्टकडे वळलेच होते. तोंडात थँक्यू आलं होतं.

मी विचारलं, "आणि उद्या दुसरा कोणी आला तर?"

"त्याचं काय? तो जिन्यानं येईल. तू ये रे."

म्हणजे माझी कंबर त्यांना अजूनही दिसली नव्हती. फक्त भाषा ऐकू आली होती.

"मग सामान परत नेतो, काका," मी म्हणालो. बाक गाडीत चढवायला वॉचमननं हात लावला.

तक्रार झाली. कंपनीनं तो भाग माझ्याकडून काढून घेतला. आई म्हणाली, "ये म्हणाले होते ना रे? आपलीच माणसं."

रोज कामाआधी कालव्याच्या काठावर टॉवेल अंथरतो. पाठीवर पडून गुडघे पोटाशी घेतो, कंबर उचलतो. दुखतं. बघणारे हसतात. हसू देत.

अप्पांना ताठ उभं राहता आलं नाही. मी राहणार. ही कंबर मी कुणाच्या जिन्यासाठी बळकट करत नाही. लिफ्ट चालू असताना जिथं आम्हाला जिना दाखवतील, तिथं सामान फाटकातच राहील. आणि मी थँक्यू म्हणणार नाही.