शाईचं पोलकं

सीपरी बाजारातल्या रद्दीवाल्याने जुन्या जंगलपटाचा फोटो पुढे केला. ओलसर कागदाचा तो वास आला आणि मी फोटो उजेडाकडे धरला.

शाळेत असताना टॉकीजच्या गेटकीपरच्या मिनतवाऱ्या करून मी असे सात फोटो मिळवले होते. वाघाच्या कातड्यातली, वेलीला लोंबकळणारी नायिका. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर ते लावले होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून आईने सातही फोटोंत तिला निळ्या शाईने पोलकं चढवलं, अगदी काठासकट.

"जंगलात राहते म्हणून काय झालं? थंडी नाही वाजत तिला?" आई म्हणाली.

मी रडत रडत नळाखाली फोटो चोळत बसलो. शाई निघेना. नायिकेचा चेहराच सुटून बोटांना चिकटला. एकामागून एक सातही गेले, तरी मी थांबलो नाही.

"भाईसाब, एकदम साफ पीस है," रद्दीवाला म्हणाला.

साफ फोटो माझ्याकडे पेटीभर आहेत. आई गेल्यापासून मी दुकानादुकानांतले ढीग उपसतो आणि प्रत्येक फोटोत आधी निळी शाई शोधतो. सातही मीच धुतले, हे ठाऊक असूनही.