आयरिश पोराचा गुडघा

मोरा बंदरावर लाँचची दोरी बांधणारे काका माझ्याशी एकाच विषयावर बोलत, तो म्हणजे विलायतेत खेळणारा एक आयरिश फुटबॉलपटू. पोरगा मच्छीमारांच्या गावचा, काकाही कोळी, म्हणून काकांचा. त्यांचा मेहुणा बोटीवर खलाशी होता, तो तिकडची जुनी मासिकं आणायचा. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, त्यामुळे वाचून दाखवायचा मान माझा. पोरानं गोल केला की काका मला चहा पाजत. चुकवला की शिव्या बाकीच्या दहा जणांना.

एकदा मी वाचलं, त्याचा गुडघा मोडलाय, पुन्हा खेळेल की नाही सांगता येत नाही. काका उठलेच. "चल, देवीला नारल देऊ."

"काका, मासिक सहा महिन्यांपूर्वीचं आहे. व्हायचं ते होऊन गेलं."

"काय झाला, तुला ठावं हाय?"

"नाही."

"मना पन नाय. मंग देवीला अजून टाइम हाय!"

बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं, तरी मी काकांच्या मागोमाग निघालो. देवळात गाऱ्हाणं काकांनीच घातलं. ते इंग्रजी नाव मात्र देवीला नीट कळावं म्हणून मला मोठ्यानं घ्यायला लावलं. मी घेतलं, आणि खरं सांगतो, हात जोडूनच घेतलं.