पालथा तांब्या

“औषधाची उष्णता हाय ती, वहिनी. पोरीला पाणी पाजा की भरपूर!”

स्वयंपाकघरात शेजारच्या काकू आईला पुन्हा सांगत होत्या. मी बाहेरच्या खोलीत पडून ऐकत होते. गेल्या एप्रिलमधली दुपार, कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर. फिटची नवीन गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. फिट आली नव्हती, पण डोकं ठणकायचं, मळमळायचं, साधे शब्दही आठवायचे नाहीत... दोन दिवस मी तांब्यावर तांबे पाणी पीत होते.

एक सांगते — भूतबित मी कधीच मानलं नाही. हॉस्टेलवर असले किस्से सुरू झाले की मी हेडफोन लावायचे.

आईनं उशाशी भरलेला तांब्या ठेवला. मी डोळे मिटले. उघडले, तर तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर — पालथा. आईला वाटलं, मीच ठेवला. “आता संपव सगळा!” म्हणत तिनं पुन्हा भरला आणि समोरच गवार मोडत बसली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली. तांब्या परत कट्ट्यावर, पालथा. फरशी कोरडी. मी जागची हललेही नव्हते.

“तात्या असाच ठेवायचे...” आई पुटपुटली.

तात्या म्हणजे माझे आजोबा, तालमीतले वस्ताद. जाऊन दोन वर्षं झाली. लहानपणी ते मला तालमीत न्यायचे. तांबड्या मातीला ताकाचा, हळदीचा वास यायचा. जोर मारून पोरं घटाघटा पाणी प्यायला लागली की तात्या तांब्या हिसकावून पालथा घालायचे. “बास! नुसतं पाणी ढोसू नगा. मरायचं हाय व्हय?” आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचे. तेच तात्या धोतर नेसून मला शाळेतून न्यायला आले, तेव्हा मैत्रिणींना मी सांगितलं होतं — शेजारचे आहेत.

आईनं पुन्हा तांब्या भरला नाही. रिक्षा बोलावली. दवाखान्यात रक्त तपासलं, तर सोडियम एकशे सोळा; हवं एकशे पस्तीसच्या वर.

माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, मान्य. पण आईचं होतं.

“नव्या गोळीनं सोडियम उतरलं, त्यात एवढं पाणी,” डॉक्टर वॉर्डात म्हणाले. “आणखी प्यायली असती तर अवघड होतं. पाणी थांबवायचं कुणाला सुचलं?”

आईनं मान खाली घातली. सगळा वॉर्ड बघत होता.

मी म्हणाले, “माझ्या आजोबांना.”